तो ‘हा कोण?’ विचारेल, तेव्हा पॉज दाबू नका

पत्र: ‘कॉलेजात असताना मी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून त्याची पारायणं चालू आहेत. सिनेमे तर तोंडपाठ आहेत. माझ्या नवऱ्याने पुस्तक वाचलेलं नाही. मागच्या सुट्टीत मी हौसेने पहिला सिनेमा लावला, तोही एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव दृश्यांच्या लांब आवृत्तीतला. दर पाच मिनिटांनी पॉज करून मी त्याला वंशावळी सांगत होते, नकाशा समजावत होते, पुस्तकात काय वेगळं आहे तेही सांगत होते. दीड तासाने तो म्हणाला, ‘‘तू सिनेमा दाखवतेयस की शिकवणी घेतेयस?’’ आणि उठून गेला. आता तो आपणहून म्हणतोय की पुन्हा बघूया. ही संधी मला घालवायची नाही. त्याला आधी पुस्तक वाचायला लावू का? कोणती आवृत्ती लावू? आणि खूप दिवस मनात असलेलं विचारते. पैसा ओतून केलेले कितीतरी फँटसी सिनेमे मला कोरडे ठेवतात आणि हे तीन मात्र दर वेळी आत ओढून घेतात. असं का होत असेल? – एक पुस्तकवेडी’

प्रिय पुस्तकवेडी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर सापडलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप त्याच्या मागून येतात.

मला वाटतं, हे सिनेमे आपल्याला आत ओढतात, कारण ते आपल्यासाठी थांबत नाहीत. त्यांच्यातलं जग आपण तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून नांदतंय. राजवटी आल्या, बुडाल्या, पूल कोसळले, भाषा बोलणारी माणसं उरली नाहीत, आणि या सगळ्याचा हिशेब आपल्याला द्यायला तिथे कुणालाही फुरसत नाही. पात्रं आपापल्या घाईत आहेत. आपण त्यांच्या मागून चालायचं, दिसेल ते बघायचं आणि कळणार नाही ते तात्पुरतं सोडून द्यायचं. कोरड्या वाटणाऱ्या सिनेमांत हे नेमकं उलट होतं. तिथे दोन पात्रं एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी एकमेकांना सांगत बसतात, कारण प्रेक्षकाला त्या कळायला हव्या असतात. महाल कालच रंगवल्यासारखे दिसतात. कॅमेरा थोडा बाजूला सरकला तर मागे काहीच नसेल, अशी शंका येत राहते.

पहिल्या सिनेमाच्या शेवटाकडे होड्या नदीतून चाललेल्या असतात आणि समोर दोन डोंगराएवढे दगडी राजे हात पुढे करून उभे दिसतात, ते आठवा. होडीत फ्रोडो आहे, एक दुष्ट जादूची अंगठी नष्ट करायला निघालेला, आणि त्याच्याबरोबर एका जुन्या राजवंशाचा वारस अ‍ॅरागॉर्न. अ‍ॅरागॉर्न फ्रोडोला हळूच एवढंच म्हणतो, की हे जुने राजे बघायची आपली फार दिवसांची इच्छा होती, ते आपले पूर्वज. संपलं. कोणते राजे, कधीचे, ही कुणाची सीमा, यातलं अक्षरही नाही. होड्या पायाशी इतक्या लहान दिसतात की ते राज्य केवढं असेल आणि आता त्यातलं किती कमी उरलंय, हे न सांगता पोचतं. तुमच्याकडे या जागी सांगण्यासारखी वीस मिनिटांची माहिती आहे, मला कल्पना आहे. पण या दृश्याची ताकद ती माहिती न देण्यातच आहे.

खुद्द मूळ लेखक टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात त्यांनी हीच गोष्ट मांडली. कथा सांगणारा एक दुसरं जग उभं करतो, आपलं मन त्यात शिरतं, आणि आत असेपर्यंत तिथले नियम आपल्यासाठी खरे असतात. अविश्वास डोकावला की जादू तुटते आणि आपण पुन्हा बाहेर, आपल्या जगात उभे असतो. त्याच व्याख्यानात त्यांचं असंही मत होतं की फँटसी रंगमंचाला मानवत नाही. पुस्तकात बोलणारा प्राणी वाचकाच्या मनात उभा राहतो, रंगमंचावर मात्र वेष चढवलेला माणूस दिसतो. म्हणजे दिग्दर्शक पीटर जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स पटकथा लिहायला बसले, तेव्हा मूळ लेखकाच्या लेखी जवळजवळ अशक्य असलेलं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं.

त्यांनी ते पार पाडलं त्याचं निम्मं श्रेय हाताच्या कामाला आहे. न्यूझीलंडमध्ये हॉबिटन, म्हणजे हॉबिट या बुटक्या लोकांचं गाव उभं केलं तेव्हा तिथल्या बागा चित्रीकरणाच्या कित्येक महिने आधी लावल्या होत्या. कॅमेरा पोचला तेव्हा वेली खरोखर कुंपणावर चढलेल्या होत्या. सैनिकांची कड्यांची चिलखतं प्लास्टिकच्या नळीचे तुकडे करून, एकेक कडी हाताने ओवून तयार केली. थेओडेन राजाची भूमिका करणाऱ्या बर्नार्ड हिल यांच्या चिलखताला आतल्या बाजूनेही नक्षी होती. ती बाजू पडद्यावर कधीच दिसणार नव्हती. पण ते चिलखत अंगावर चढवणाऱ्या नटाला आपण कुणाचे वंशज आहोत ते कळत होतं, आणि त्याच्या चालण्याबोलण्यातून ते आपल्यापर्यंत येतं. मिनास तिरिथ शहराचं १:७२ प्रमाणातलं मॉडेल बांधलं. बिल्बो या हॉबिटचं घर दोन मापांत बांधलं, एक हॉबिटांसाठी आणि एक उंच जादूगार गॅन्डाल्फसाठी. गाडीवर शेजारी बसलेले गॅन्डाल्फ आणि फ्रोडो प्रत्यक्षात शेजारी नव्हतेच. फ्रोडोची बैठक बरीच मागे होती आणि कॅमेऱ्याच्या कोनामुळे तो लहान दिसत होता. संगणकाने हेच करता आलं असतं, काही ठिकाणी केलंही. तरी ज्या पद्धतीत दोन नट एकाच उजेडात आणि एकाच वाऱ्यात बसलेले असतात, त्यात डोळ्याला खोट सापडत नाही.

तरीही हे सगळं तयारीचं झालं. तयारी उत्तम आणि सिनेमा कोरडा, अशी उदाहरणं खूप आहेत. खरा प्रश्न येतो तो पुस्तकातलं काय ठेवायचं, काय सोडायचं आणि काय हलवायचं याचा. इथे तुमच्यासारख्या वाचकाला राग येतो, आणि इथेच रूपांतर करणाऱ्याची परीक्षा असते.

मोरिया या डोंगराखालच्या ओसाड नगरीतलं एकच दृश्य जवळून बघूया. पुस्तकात फ्रोडोचा सोबती पिपिन एका पहारेकऱ्यांच्या खोलीत विहिरीत दगड टाकतो आणि बऱ्याच वेळाने खालून हातोड्यासारखी टकटक ऐकू येते. तिथे सापडलेल्या जीर्ण वहीचं वाचन, ‘ते येताहेत’ हे तिच्यातलं शेवटचं वाक्य आणि मग ढोल, हे सगळं दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या दालनात घडतं. सिनेमाने या दोन जागा एकत्र आणल्या. गॅन्डाल्फ ती वही वाचतोय, त्याचा आवाज खाली खाली जातोय, आणि कुतूहलाने पिपिन विहिरीच्या काठावरच्या सांगाड्याला हात लावतो. आधी नुसतं शिरस्त्राण खाली पडतं. मग सगळा सांगाडा, त्याच्या मागून साखळी, साखळीच्या मागून बादली. आवाज खाली खाली जात राहतो आणि थांबायचं नाव घेत नाही. पिपिन प्रत्येक आदळण्याबरोबर अंग चोरतो. मग शांतता. सगळे निःश्वास सोडतात, गॅन्डाल्फ त्याच्यावर खेकसतो, आणि तेव्हा कुठे खोलातून पहिला ढोल वाजतो.

यात पुस्तकाशी बेइमानी झाली का? घटना हलल्या, क्रम बदलला, दगडाच्या जागी सांगाडा आला. पण वाचताना जी भीती होती, की या अंधारात आपण एकटे नाही आणि ते आपल्याच एका चुकीने जागं झालं, ती जशीच्या तशी पोचली. वाचक पान थांबवून विचार करू शकतो, प्रेक्षकाला ती सोय नाही. त्याच्यासाठी कारण आणि परिणाम एकाच श्वासात आणावे लागले. मी याला उत्तम रूपांतर म्हणते. आणि या दृश्यात तुम्ही पॉज दाबून ‘पुस्तकात ना, हे वेगळ्या खोलीत घडतं’ असं सांगितलं असणार, अशी मला दाट शंका आहे. तो ढोल तुमच्या नवऱ्यांपर्यंत पोचलाच नसेल.

आता बोरोमीर, फ्रोडोच्या सोबत्यांतला गोंडोर राज्याचा योद्धा. माझ्या मते सगळ्या बदलांत हा सर्वांत शहाणा. पुस्तकात त्याचा शेवट दुसऱ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात येतो आणि त्याची झुंज आपल्याला दिसत नाही. अ‍ॅरागॉर्न पोचतो तेव्हा तो बाणांनी विंधलेला, झाडाला टेकून बसलेला असतो. सिनेमाने हा प्रसंग पहिल्या भागाच्या शेवटी आणला आणि त्यासाठी फार आधीपासून पेरणी केली. अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या सभेत बोरोमीर तुटकपणे सांगतो की गोंडोरला राजा नाही आणि राजाची गरजही नाही. वाटेत एका खडकाळ जागी सगळे विसावलेले असताना तो मेरी आणि पिपिन या दोन हॉबिटांना तलवार शिकवतो. शिकवता शिकवता मस्ती सुरू होते, दोघं मिळून त्याला खाली पाडतात आणि तो खळखळून हसतो. पुस्तकात हे दृश्य नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते भरीचं वाटेल. पुढे बर्फात त्याच्या हाती अंगठीची साखळी येते आणि तो तिच्याकडे क्षणभर जास्त बघतो. शेवटी त्याच दोघांना वाचवताना तो बाणांवर बाण झेलत उभा राहतो, आणि अखेरचा श्वास घेताना ज्याला नाकारलं होतं त्यालाच आपला राजा म्हणतो. त्यानंतर अ‍ॅरागॉर्न बोरोमीरची मनगटावरची चामडी कवचं, पांढऱ्या झाडाचं चिन्ह असलेली, आपल्या हातांवर बांधतो. पुढच्या दोन सिनेमांत ती त्याच्या हातांवर आहेत. एकही पात्र त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

तुम्ही ‘आत ओढून घेतात’ म्हणता त्याचा मोठा भाग हा आहे. आधी लहान वाटलेली गोष्ट पुढे जड होऊन परत येते, आणि ती ओळखायचं काम आपल्यावर सोपवलेलं असतं. आपणच धागा जोडला की तो आपला होतो. कुणी जोडून हातात दिला, तर ती माहिती उरते. हॉवर्ड शोर यांचं संगीतही याच रीतीने चालतं. सोबत्यांची धून सुरुवातीला तुकड्यातुकड्यांत येते, नऊ जण जमल्यावर पूर्ण भरून वाजते, आणि सोबत फुटायला लागली की ती धूनही विरत जाते. रोहानचं राज्य दिसलं की हार्डँगर फिडलचा तो काहीसा एकाकी सूर येतो. तुमच्या नवऱ्यांना वाद्याचं नाव ठाऊक असायची गरज नाही. दुसऱ्यांदा तो सूर आला की आपण कुठे आहोत, हे त्यांच्या कानाला आधी कळेल.

सगळेच बदल मला मान्य आहेत असं समजू नका. बोरोमीरचा भाऊ फारामीर, त्याच्या बाबतीत सिनेमाने चूक केली असं मी आजही ठामपणे म्हणते. पुस्तकात अंगठीचा मोह नाकारणारा तो माणूस आहे. भावाला जे जमलं नाही ते त्याला जमतं, आणि म्हणून दोघांची जोडी अर्थपूर्ण होते. सिनेमात तो फ्रोडोला पकडून शहरात घेऊन जातो आणि शेवटी सोडतो. मधल्या भागाला ताण हवा होता हे समजतं, पण त्या ताणासाठी एका माणसाचा कणा वाकवला गेला. पुस्तकातलं टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळलं त्याचं मात्र मला दुःख नाही. अंगठीचा ज्याच्यावर काहीच परिणाम होत नाही असा कुणी पहिल्या तासातच भेटला, तर पडद्यावर अंगठीची भीती उभी राहणं कठीण झालं असतं.

शायर या हॉबिटांच्या मुलखाची धूळधाण गाळली, त्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. पुस्तकात चौघं हॉबिट परततात ते उद्ध्वस्त घराकडे, आणि तेही त्यांनाच सावरावं लागतं. सिनेमात घर जसंच्या तसं आहे. चौघं खानावळीत बसतात, आजूबाजूला नेहमीची गडबड चालू असते, त्यांनी काय पाहिलंय याची कुणाला कल्पना नसते, आणि ते एकमेकांकडे बघून न बोलता पेले उचलतात. पुस्तकातला अर्थ हा नाही. पण मोठ्या प्रवासाची किंमत घरी आल्यावर कळते, हा गाभा त्यात आहे. १९५८ साली टॉल्किन यांच्यापुढे एका प्रस्तावित सिनेमाचा आराखडा आला होता. त्यावर त्यांनी कडक पत्र लिहिलं. त्यांची तक्रार काटछाटीपेक्षाही वेगळ्याच गोष्टीबद्दल जास्त होती. मूळ कृतीचा गाभा कुठे आहे हे न कळल्याने भलतंसलतं घुसडलं जातं आणि सगळं भडक होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. बदल पारखायला मला याहून चांगली कसोटी ठाऊक नाही. फारामीर त्या कसोटीवर पडतो, बोरोमीर झळाळून उठतो.

समजावून सांगण्याच्या हव्यासाने काय होतं, याचं उदाहरण ‘ड्यून’ आहे. ती विज्ञानकथा, पण जग उभं करण्याचा प्रश्न तोच. १९८४ साली डेव्हिड लिंच यांच्या सिनेमात अख्खी जाडजूड कादंबरी १३७ मिनिटांत बसवली गेली. पात्रांचे विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवावे लागले, आणि काही थिएटरांत तर प्रेक्षकांना शब्दार्थांचा छापील कागद दिला गेला. कागद हातात आला की माणूस अभ्यासाला बसतो. २०२१ साली डेनी व्हिलन्यूव यांनी त्याच कादंबरीचा साधारण अर्धाच भाग घेतला आणि त्याला १५५ मिनिटं दिली. उरलेला भाग २०२४ मध्ये आला. वाळूत कसं चालायचं, घामाचं पाणी का जपायचं, हे तिथे माणसं करताना दिसतात आणि आपण बघून शिकतो. उलट बाजूने, ‘द हॉबिट’ हे टॉल्किन यांचंच छोटंसं पुस्तक तीन सिनेमांत ताणलं गेलं तेव्हा वेळ भरपूर होता, पण गोष्टीला तेवढ्या वेळाची गरज नव्हती. तेव्हा वेळ किती दिला यापेक्षा तो कशावर दिला हे बघावं.

आता तुमच्या घराकडे वळते.

आधी पुस्तक? अजिबात नको. ज्याला गोष्टीत जायचंय त्याच्या हातात हजारभर पानं ठेवणं म्हणजे पुन्हा शिकवणीच. पहिल्या सिनेमाची सुरुवातीची काही मिनिटं नवख्या माणसासाठीच लिहिलेली आहेत. अंगठी वाईट आहे, तिला मालकाकडे परत जायचंय, आणि ती नष्ट करावी लागेल, एवढं कळलं की नऊ तास पुरतं.

आवृत्ती मात्र थिएटरमध्ये आली होती तीच लावा. पहिला भाग १७८ मिनिटांचा आहे, एक्स्टेंडेड त्याहून अर्ध्या तासाने मोठा आणि तिसरा तर चार तासांच्या वर जातो. पण मिनिटांचा प्रश्न दुय्यम आहे. थिएटरच्या आवृत्तीची लय ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसासाठी बांधलेली आहे. वाढीव दृश्यांचा आनंद मुख्यतः ओळखीचा आहे. दुसऱ्या भागात बोरोमीर आणि फारामीर आपल्या वडिलांसमोर उभे आहेत तो प्रसंग मला अत्यंत प्रिय आहे, पण बोरोमीरसाठी आधी डोळ्यांत पाणी आलेलं असेल तरच तो लागतो. तिसऱ्या भागात दुष्ट जादूगार सारुमानचं पुढे काय झालं ते थिएटरच्या आवृत्तीत नीट कळत नाही, ही उणीव आहे. ती चालवून घ्या. पुढच्या वेळी लांब आवृत्ती बघायला त्यांना तेवढंच एक कारण राहील.

तिन्ही सिनेमे एकाच दिवशी लावू नका. मिळून सव्वानऊ तास होतात आणि शेवटच्या तासात डोळे उघडे राहिले तरी मन मिटलेलं असतं. एका संध्याकाळी एक, मध्ये दोनचार दिवस. तेवढ्यात माणूस न सांगता त्याबद्दल विचार करतो. एका सिनेमात एकच मध्यंतर घ्या. पहिल्या भागात सभा संपून नऊ जण निघायचं ठरतं, ती जागा चांगली आहे.

बसण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण चित्राच्या सेटिंगमध्ये ती सापडते. ‘द हॉबिट’चा पहिला भाग २०१२ मध्ये काही थिएटरांत सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी ४८ फ्रेम्सने दाखवला गेला, तेव्हा अनेकांना नेमकी हीच तक्रार होती, की सेट सेटसारखा आणि दाढी चिकटवलेली दिसते. घरातला टीव्ही आपल्या मनाने मधल्या फ्रेम्स भरतो, तेव्हाही तोच घोटाळा होतो. मागच्या वेळच्या कंटाळ्यात टीव्हीचाही हात असू शकतो. खोली अंधारी करा, आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा, आणि दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत. सबटायटल्स चालू असू द्या, नावं डोळ्यांखालून गेली की कानाला लवकर ओळखीची होतात.

मग ते विचारतील, ‘हा कोण?’ तेव्हा ‘कळेल’ एवढंच म्हणा आणि गप्प राहा. पहिला अर्धा तास त्यांचा थोडा गोंधळ होणार. होऊ द्या. फ्रोडोलाही तेव्हा काही कळत नसतं. एकच सूट देते. सॉरोन आणि सारुमान ही नावं जवळपास सगळ्यांची गल्लत करतात. तिथे एका वाक्यात सांगा, एक तो डोळा आणि दुसरा तो पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा जादूगार. दुसरं वाक्य नको.

आणि एक अवघड गोष्ट मागते. तुमचं आवडतं दृश्य जवळ आलं की त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नका. ‘आता बघ हं’ तर मुळीच नको. आपल्याला काहीतरी वाटायला हवंय अशी कुणी वाट बघतंय हे जाणवलं, की काहीही वाटणं बंद होतं. तुम्हाला दृश्यं तोंडपाठ आहेत, तर त्या वेळात स्वतःसाठी नवं काहीतरी शोधा. दुसऱ्या भागात अंगठीने झपाटलेला गॉलम रात्री स्वतःशीच भांडतो ती जागा घ्या. अँडी सर्किस यांनी सेटवर प्रत्यक्ष ती भूमिका केली आणि नंतर संगणकाने ते शरीर घडवलं, हे तुम्हाला माहीत असेल. या वेळी फक्त कॅमेऱ्याकडे लक्ष द्या. सुरुवातीला तो त्याच्याभोवती सरकत राहतो, एकाच माणसाच्या चेहऱ्यावर दोन भाव दिसतात. मग अचानक कट येऊ लागतात, एकदा इकडून, एकदा तिकडून, जसं दोन माणसांच्या संभाषणात दाखवतात. एक माणूस आपल्या डोळ्यांदेखत दोन होतो.

सिनेमा संपल्यावर लगेच ‘कसा वाटला?’ विचारू नका. दुसऱ्या दिवशी कधीतरी, त्यांना काय आठवतंय ते विचारा. ते चुकीचं नाव घेतील, एखादी घटना उलटी सांगतील. दुरुस्त करू नका. त्यांना जे आठवतंय त्यातून तुम्हाला कळेल की ते कुठून आत शिरले. तुम्ही वाचत वाचत शायरमधून गेलात, ते कदाचित बोरोमीरमधून जातील किंवा रोहानच्या घोड्यांमधून. आणि खरंच नाही आवडलं, तर नाही. त्यावरून तुमच्या दोघांबद्दल काही ठरत नाही. या माणसाने आपणहून पुन्हा बघूया म्हटलंय, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, पण मला ती पत्रातली सगळ्यात मोठी बातमी वाटली.

आवडलं आणि मग त्यांनी पुस्तक मागितलं, तर पहिल्या पानापासून द्या. मधली गाणी पहिल्या वाचनात चाळली तरी चालतात, हे सांगून ठेवा, नाहीतर अनेक जण तिथेच अडकतात. बॉम्बाडिलच्या प्रकरणांबद्दल आणि शेवटी शायरमध्ये काय होतं त्याबद्दल मात्र चकार शब्द काढू नका. तेवढा भाग त्यांना तुमच्याकडून किंवा सिनेमाकडून मिळालेला नसेल. तिथे ते थांबून काही विचारायला आले, की वंशावळी, नकाशे आणि बाकी सगळं खुशाल काढा.